दुधाचे दात पडणारच आहेत, मग दाखवायचे कशाला? (लहान मुलांचे दात, तपासणी आणि घरची काळजी)

सड्यावरची

नमस्कार मंडळी,

लेक अडीच वर्षांची आहे. आम्ही राजापूर तालुक्यात राहतो, मुंबई-गोवा हायवेपासून बरंच आत. गेल्या आठवड्यात अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं. वजन, उंची, डोळे झाले आणि मग डॉक्टरबाईंनी एकेका पोराचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून दात पाहिले. माझ्या हातात चिठ्ठी आली: दंतवैद्यांना दाखवा. वरच्या पुढच्या चार दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ आहे. ओठ उचलल्याशिवाय ती दिसतही नाही.

दुखत काही नाही. भाकरी चावते, बांगड्याची तुकडी दिसली की हात पुढे.

तेव्हापासून घरात परिसंवाद चालू आहे. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात ते, पडायचेच आहेत, आमच्या पोरांना कुठे नेलं होतं दाखवायला? नवरा म्हणतो, दुखेल तेव्हा बघू. मी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात फोन लावला तर उत्तर आलं की पाच वर्षांखालची मुलं आम्ही घेत नाही, ती तोंडच उघडत नाहीत.

तर प्रश्न असे. दुखत नसताना न्यायचं का? न्यायचं तर कितव्या वर्षापासून? पेस्ट लावायची की नाही? आणि रात्री ब्रश हातात घेतला की जे रणकंदन होतं त्यावर कुणाकडे काही तोडगा आहे का?

रातांबा

आमच्या झिलाक पण ह्याच झाला. आवशीन सांगितल्यान, दुधाचे दात ते, पडतले. पडाच्या आदी काळे झाले नि पोरगो रातभर रडाक लागलो. दाखव गो बाये, वाट बघू नको.

तिरफळ

मला हे हल्लीचं खूळ वाटतं. आम्ही तुसाच्या राखुंडीने दात घासले, ऊस दातांनी सोलला, पेस्टची ट्यूब कॉलेजला गेल्यावर पाहिली. एक दात किडला नाही. आता दोन वर्षांच्या पोराला डॉक्टर, सहा महिन्यांनी परत डॉक्टर. पेस्टवाले दात बिघडवणार, डॉक्टर दुरुस्त करणार, साटंलोटं सगळं. मूल खातंय, खेळतंय तर उगाच चिरफाड कशाला?

चाकरमानी

तिरफळकाका, चिरफाड कोण म्हणालं? त्यांनी दाखवायचं का एवढंच विचारलंय.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच प्रॅक्टिस करते. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा.

@सड्यावरची, आधी त्या पांढऱ्या रेघेबद्दल, कारण धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दाताच्या वरच्या आवरणातून खनिजं निघून जायला लागली की तिथली चमक जाते आणि जागा खडूसारखी दिसते. अजून खड्डा पडलेला नाही. या टप्प्यावर फ्लोराइडचं वार्निश लावलं, रात्री ब्रश सुरू झाला आणि रात्रीचं गोड बंद झालं, तर हा डाग तिथेच थांबतो, पुष्कळदा भरूनही येतो. ड्रिल नाही, सुई नाही. वार्निश म्हणजे दात पुसायचे आणि ब्रशने एक चिकट थर लावायचा, मिनिटभराचं काम. हाच डाग तपकिरी होऊन मऊ पडला की मग भरायचं काम निघतं, त्याच्याही पुढे गेला तर कीड दाताच्या आतल्या नसेला पोचते. लहान मुलांमध्ये हा प्रवास काही महिन्यांत होतो, कारण दुधाच्या दातांचं आवरण मोठ्यांच्या दातांपेक्षा बरंच पातळ असतं.

वरचेच चार दात का? मूल दूध पिता पिता झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच जवळ उघडतात, त्यामुळे ते वाचतात. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री साचलेलं दूध दिवसाच्या दुधापेक्षा जास्त नुकसान करतं. वरचे किडलेले आणि खालचे स्वच्छ असं तोंड दिसलं की मी पहिला प्रश्न रात्रीच्या बाटलीचाच विचारते.

कधीपासून न्यायचं? पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. जगभरच्या बालदंतवैद्यांच्या संघटना हेच सांगतात. त्या भेटीत उपचार असा काही नसतो. आम्ही तोंड बघतो, आईबाबांना ब्रश कसा धरायचा ते दाखवतो, बाटली-चोखणीची चौकशी करतो. मुलाला खुर्चीची, दिव्याची ओळख होते, तीही काही दुखत नसताना. दाढ ठणकत असताना पहिल्यांदा आणलेलं मूल पुढची दहा वर्षं दवाखान्याच्या पायरीवर रडतं, हे मी रोज बघते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, कीड लागायची शक्यता जास्त असेल तर तीन महिन्यांनी.

आता "पडणारच आहेत". पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडतात, ते खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ती अजून सहा-सात वर्षं चावायच्या कामाची आहे. शिवाय दुधाची दाढ म्हणजे एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल. खालून येणाऱ्या दाताची जागा ती धरून ठेवते. रुमाल काढला की शेजारचे सरकून बसतात आणि नव्याला उभं राहावं लागतं, म्हणजे दात वाकडे येतात, मग चौदाव्या वर्षी तारा. आणि दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर त्याच्याखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातावरही डाग किंवा खळगा राहू शकतो.

सासूबाईंना एवढं सांगून बघा. नाहीच पटलं तर मी आहे इथे. बाकी उत्तरं ओपीडी आटपल्यावर.

पडवी

दंतकथाताई, छान लिहिलंत. मी आजी गटातली. एक विचारू का? आमच्या लहानपणी दाढ दुखली की वाडीतल्या एक बाई काटेरिंगणीच्या बियांची धुरी द्यायच्या. निखाऱ्यावर बिया, त्यावर करवंटी पालथी, करवंटीच्या भोकातून नळी तोंडात. खाली पाण्याचं भांडं. थोड्या वेळाने त्या पाण्यात बारीक पांढरे किडे दिसायचे आणि बाई म्हणायच्या, बघ, निघाले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. ते काय होतं मग?

दंतकथा

@पडवी, तापलं की बी फुटतं आणि आतला बारीक पांढरा अंकुर बाहेर पडतो, पाण्यात तरंगतो तो हाच. दात कुणाचाही नसला तरी ते किडे निघतील, नुसत्या बिया पाण्यावर धरून बघा. धुराने थोडा वेळ ठणका कमी वाटत असेलही, पण खड्डा होता तिथेच राहतो. लहान मुलाच्या तोंडात धूर आणि निखारा जवळ, हे मात्र कुणी करू नका.

किडवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात ते नसतात. मुख्यतः आईच्या किंवा जी व्यक्ती भरवते तिच्या लाळेतून येतात. घास आधी आपण चाखून भरवणं, एकच चमचा, जमिनीवर पडलेली चोखणी स्वतः चोखून "स्वच्छ" करणं. म्हणून मी बाळाबरोबर आईचंही तोंड बघते. आईच्या तीन दाढा किडलेल्या असतील आणि आपण फक्त बाळाच्या ब्रशबद्दल बोलत बसलो तर अर्धंच काम झालं.

@तिरफळ, तुमचा मुद्दा टाळत नाही. तुमच्या लहानपणी साखर घरात कधी आणि किती वेळा यायची? गणपतीत, शिमग्याला, पाहुणे आले की. आज वाडीतल्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात आणि शाळेला जाताना एक, येताना एक. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने जास्त फरक पडतो. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की आवरण विरघळायला लागतं आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. जेवणानंतर दोन लाडू खाल्ले तर असा अर्धा तास एकदा. तेच दोन लाडू दिवसभर कुरतडले तर दिवसभर.

आणि एक उलटा प्रश्न. तुमच्या वाडीत तेव्हा पन्नाशीच्या किती जणांच्या तोंडात सगळे दात शाबूत होते?

तिरफळ

वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी कवळी होती. पण ती पानतंबाखूमुळे.

चाकरमानी

काका 😄

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. आम्ही डोंबिवलीला. पोरं मे महिनाभर देवगडला आजीकडे. परत येतात तेव्हा वजन दोन किलो जास्त आणि दातांवर पिवळा थर. सकाळी चहा-बटर, दहाला रायवळ आंबे, दुपारी आमरस, चारला आंबापोळी, संध्याकाळी खाजं, मध्ये मध्ये कोकम सरबत. आजीला बोलायची सोय नाही, ती म्हणते वर्षातून एकदा येतात. यातलं खरंच वाईट काय आणि काय चालवून घ्यावं?

दंतकथा

आंबा चालवून घ्या. ताजं फळ चावून खाल्लं, वर पाणी प्यायलं, विषय संपला. माझा राग आंबापोळी, फणसपोळी आणि खाजं या तिघांवर आहे, आणि मी स्वतः तिन्ही आवडीने खाते हेही सांगून टाकते. गोड असण्यापेक्षा त्यांचा चिकटपणा वाईट. दाढांच्या खाचांत गुळाचा पाक किंवा पोळीचा तुकडा जाऊन बसला की जीभ तो काढू शकत नाही. म्हणून आजीला बंदी सांगू नका, वेळ सांगा. पोळीचा तुकडा जेवणाबरोबर, नंतर भरपूर चूळ. चारला खायला शेंगदाणे, ओलं खोबरं, काजू, उकडलेलं अंडं. (चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा काजू-शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतो.)

सरबत आंबटही आणि गोडही. बाटलीत भरून दिवसभर घोट घोट प्यायचं नाही, एकदाच पेलाभर प्यायचं. आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या, तेव्हा आवरण मऊ असतं.

सकाळचा चहा-बटर हा मात्र आपल्या कोकणातला दुर्लक्षित गुन्हेगार. दीड वर्षाच्या पोराला बशीतून गोड चहा, त्यात बुडवलेलं बिस्किट. तो लगदा हिरडीच्या कडेला तासभर राहतो. सर्दीखोकल्याचं गोड सिरपही तसंच. रात्री ब्रश झाल्यावर सिरप दिलं तर निदान दोन घोट पाणी पाजा.

वाडीतला_मास्तर

धागाकर्तीच्या हातात जी चिठ्ठी आली तिची किंमत कळावी म्हणून लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, ही पथकं दरवर्षी बघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली सुरू झाला, आणि गंमत म्हणजे देशभरच्या या कार्यक्रमाचा शुभारंभ आपल्या पालघरला झाला होता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. ज्या आजार-दोषांसाठी मुलं बघतात त्या यादीत दातही आहेत. पथकाने संदर्भित केलं की पुढचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत. म्हणून ती चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवू नका, घेऊन जा.

उपजिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात. फक्त वार आणि वेळ आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीने जाऊन बंद दार बघून परत. मोठं काम असेल तर उत्तर रत्नागिरीकरांना खेडचं योगिता दंत महाविद्यालय आहे आणि सावंतवाडी-कुडाळकडची माणसं बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जातात. दंत महाविद्यालयात मुलांचा विभाग वेगळा असतो.

शाळेतला अनुभव सांगायचा तर चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक दप्तरातच राहतात. पालक म्हणतात, लावणी झाल्यावर बघू. लावणी झाली की गणपती. गणपती झाले की कापणी.

आबोली

माझा मुलगा सहा वर्षांचा. खालचा पुढचा दात हलतच नाहीये आणि त्याच्या मागून दुसरा वर आलाय! दोन रांगा! घाबरून फोटो काढून ठेवलेत.

दंतकथा

@आबोली, घाबरू नका, खालच्या पुढच्या दातांत हे नेहमीचं आहे. मागचा दात येत असतो आणि पुढच्याचं मूळ पुरतं विरघळलेलं नसतं. बहुतेक वेळा दुधाचा दात हळूहळू हलायला लागून पडतो आणि जीभ मागच्याला ढकलत पुढे आणते. त्याला गाजर, काकडी चावायला द्या, बोटाने हलवत राहू दे. दोन-तीन महिन्यांत हललाच नाही तर दाखवा, काढून टाकायला दोन मिनिटं लागतात.

मात्र सहा वर्षांचा आहे म्हणालात म्हणून एक काम करा. आत्ता टॉर्च घेऊन त्याच्या शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बघा. तिथे एक नवी मोठी दाढ डोकावत असेल. ही कायमची. ती कुठलाही दात न पडता मागून गुपचूप येते, म्हणून माझ्याकडे येणारे बहुसंख्य पालक तिला दुधाची समजतात. हिच्या खाचा खोल असतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही, कारण ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते. आठव्या-नवव्या वर्षी किडून येते आणि "पडेल ना ही?" असा प्रश्न येतो. नाही पडणार. सत्तरीपर्यंत पुरायची आहे. पूर्ण बाहेर आली की खाचा सीलंटने बुजवून घ्या. दुखत नाही, कोरावं लागत नाही.

खाडीपलीकडे

फ्लोराइडबद्दल कुणी बोलणार आहे का? मी वाचलंय की ते विष आहे, हाडं वाकतात. आम्ही म्हणून मुलीला हर्बल पेस्ट देतो, बिनफ्लोराइडची.

तिरफळ

हेच मी म्हणतोय. राखुंडीत असलं काही नसतं.

दंतकथा

हाडं वाकतात हे खरं आहे, पण ते पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड असेल तर. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने तसं झालंय, तिथल्या लोकांचे दातही चट्टेदार असतात. पेस्टचा मामला प्रमाणाचा आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड घालायला कायद्याने मनाई आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे ब्रशवर नुसता पुसट थर. तीन ते सहा वर्षं, वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती विसरा. एवढ्या प्रमाणात मूल थोडी गिळलं तरी काळजी नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागू देऊ नका, स्ट्रॉबेरीच्या चवीची असली की पोरं चाटून खातात.

मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड निम्मंच असतं किंवा नसतंच. डब्यावरच्या कार्टूनपेक्षा मागचा बारीक मजकूर वाचा. घासून झाल्यावर थुंकायचं, पण पेलाभर पाण्याने खळखळून चूळ नको, दातावर थोडं राहिलेलं बरं.

राखुंडी: भाताच्या तुसात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जातकुळी. दात पांढरे दिसतात कारण घासले जातात, अक्षरशः. मोठ्यांनी करायचं ते करा. दोन वर्षांच्या मुलाच्या पातळ आवरणावर नको.

पडवी

राखुंडीचं निघालं म्हणून. आमच्या वाडीत अजून सकाळी तव्यावर मशेरी भाजली जाते. वास घरभर. बायका पडवीत बसून बोटाने दात घासतात आणि मांडीवरची नातवंडं तेच बोट धरून स्वतःच्या तोंडात घालतात, सगळे हसतात. मला हे बघवत नाही, पण बोललं की मी शहाणी ठरते. सरकारने तर पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी केली ना? घरच्या तव्याला कोण बंदी करणार.

दंतकथा

+१०० पडवी. तंबाखूच आहे ती, भाजली म्हणून बदलत नाही. तुम्ही बोलत राहा. मी दवाखान्यात बोलते तेव्हा माना डोलावतात, तुम्ही बोललात तर निदान भांडण होईल.

कातळसडा

अवांतर आहे पण विचारतो. गुहागरच्या किनाऱ्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, नऊ वर्षांच्या भाच्याच्या तोंडावर बॅट बसली. समोरचा अख्खा दात मुळासकट बाहेर. वाळूत शोधला, सापडला, पण कुणाला काय करायचं ठाऊक नव्हतं, कागदात गुंडाळून संध्याकाळी डॉक्टरकडे नेला. ते म्हणाले उशीर झाला. काय करायला हवं होतं? एकाने शहाळ्याच्या पाण्यात ठेवा असं सांगितलं होतं.

दंतकथा

अवांतर अजिबात नाही. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. वाळू लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंद नुसता धुवायचा, घासायचा-पुसायचा नाही. जमलं तर लगेच त्याच जागेत परत बसवायचा आणि स्वच्छ रुमाल चावायला देऊन दवाखाना गाठायचा. नाही जमलं तर पेलाभर थंड दुधात बुडवून न्यायचा. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की मरतात, अर्ध्या तासात पोचलात तर आशा चांगली, तासानंतर झपाट्याने कमी. कोरड्या कागदात कधीच नको. शहाळ्याचं पाणी थोडं आम्ल असतं, दूध मिळत असेल तर दूधच, आणि ते कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळतं.

हे फक्त कायमच्या दाताला. तीन-चार वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात असा बाहेर आला तर परत खोचू नका, खालच्या दाताला इजा होते. तो दाखवायला मात्र घेऊन या.

सड्यावरची

जाऊन आलो!

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी घेऊन, आधी फोन करून गेलो. सासूबाई बरोबर आल्या, "बघू तरी काय करतात ते" म्हणून. घरातून निघताना मी सगळ्यांना दम दिला होता की सुई, टोचणं, दुखणं हे शब्द कुणी काढायचे नाहीत आणि "घाबरू नकोस हं" असंही म्हणायचं नाही. तरी रिक्षावाल्याने विचारलंच, काय, दात उपटायला काय?

खुर्चीत बसवलंच नाही तिला. डॉक्टर आणि मी समोरासमोर स्टुलांवर, गुडघ्याला गुडघे लावून. लेक माझ्याकडे तोंड करून मांडीवर, पाय माझ्या कमरेला, आणि मग तिला मागे टेकवलं तर डोकं अलगद डॉक्टरांच्या मांडीवर. हात मी धरलेले. रडली. डॉक्टर म्हणाले, रडू दे, रडताना तोंड मस्त उघडं असतं. दोन मिनिटांत दात बघून, कापसाने पुसून, वार्निश लावून मोकळे. त्या दिवशी रात्री ब्रश नको आणि कडक काही खायला नको, एवढंच पथ्य. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

रात्रीचं दूध विचारलं. ती अजून झोपताना अंगावर पिते. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण ते म्हणाले अंगावरचं बंद करा असं मी सांगणार नाही, फक्त आधी पाजा, मग दात घासा, मग झोपवा. मध्यरात्री उठून पितेच तर ओल्या फडक्याने दात पुसा आणि ते हळूहळू कमी करत न्या. बाटली असती तर मात्र रात्रीतून पाण्यावर आणा म्हणाले असते.

आणि ब्रशचं रणकंदन: तीच गुडघ्यांची युक्ती घरी पलंगावर करतोय. मी दात घासते, नवरा पाय धरून मालवणीत बातम्या वाचतो. पहिले काही दिवस शेजारी विचारायला आले की पोरगी का ओरडते. आता ओरडणं कमी झालंय, बातम्या ऐकायच्या असतात तिला.

सासूबाईंनी परतताना स्वतःच्या दाढेबद्दल विचारून घेतलं, ते वेगळंच.

रातांबा

बरा केलंस बाये. माझ्या झिलाच्या दातार ता काळा औषध लावल्यानी, कीड थांबली पण दात काळोच रवलो. तेचा काय?

दंतकथा

@रातांबा, ते चांदीचं औषध, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. कीड जिथे असेल तिथेच थांबवतं, कोरावं लागत नाही, म्हणून फार लहान किंवा फार घाबरणाऱ्या मुलांना सोयीचं. किडलेला भाग कायमचा काळा होतो, ही त्याची किंमत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय ते, तेव्हा कुणी काही भलतं लावलं असं समजू नका. काळेपणा खटकत असेल तर वरून पांढरं फिलिंग करता येतं. काळा पण टणक असेल तर दात ठीक आहे. मऊ पडला, हिरडीवर फोड आला किंवा गाल सुजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी गाठा. गाल सुजलेल्या मुलाला मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस थांबणं धोक्याचं आहे. आणि लवंगेचं तेल मुलाच्या हिरडीवर नको, भाजतं.

@सड्यावरची, मस्त! बातम्या कुठल्या वाचतात तेही लिहा कधीतरी. फक्त सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तुमच्याच हातात ठेवा. तिला आधी खेळू दे, मग तुमचा हात. पोरांच्या मनगटाला तेवढी सफाई त्याआधी येत नाही.

तिरफळ

नात सहा वर्षांची आहे, गणपतीला येणार आहे पुण्याहून. तुम्ही वर जे टॉर्चचं लिहिलंत ते व्हिडिओ कॉलवर सुनेने मला दाखवलं, दाढ अर्धी वर आहे. ते सीलंट की काय ते, गणपतीच्या सुट्टीत इकडेच होईल का? पुण्यात म्हणे अपॉइंटमेंट मिळत नाही.

दंतकथा

होईल की. फक्त दाढ तोवर पूर्ण बाहेर आलेली हवी. मागच्या बाजूला हिरडीची झालर अजून दाढेवर असेल तर तिथे लाळ येते आणि सीलंट टिकत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा, तोवर वार्निश लावता येईल. आणि सुनेला सांगा, त्या दाढेसाठी ब्रश समोरून नको, गालाच्या बाजूने आडवा घालायचा. ऋषिपंचमी सोडून कुठल्याही दिवशी आणा, त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवते. पत्ता विपूत (तुमच्या विचारपुशीच्या पानावर) देते.